वाचकांचे प्रश्न : पॅराग्वेत दुर्बिणी बनवणारा फादर

मागच्या अंकात ब्वेनाव्हेंतुरा सुआरेझ या जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) पाद्र्याबद्दल एक छोटी चौकट छापली होती. अठराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतल्या एका मिशनमध्ये, म्हणजे पाद्र्यांनी आदिवासींसाठी वसवलेल्या गावात, राहून त्याने स्वतःच्या हाताने दुर्बिणी बनवल्या आणि गुरूच्या चंद्रांची ग्रहणं टिपली, एवढंच त्यात होतं. त्यावर ठाण्यातून आणि नवी मुंबईतून खूप प्रश्न आलेत, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

तुमची चौकट फॅमिली ग्रुपवर टाकली तर भाऊ म्हणाला फेक आहे, त्या काळात तिथे भिंगं कुठून येणार. खरं काय आहे?
(नौपाड्यातून एक वाचक)

खरं आहे, आणि भावाला दाखवायला छापील पुरावाही आहे. सुआरेझ आजच्या अर्जेंटिनातल्या सांता फे गावात जन्मला, म्हणजे तो युरोपातून आलेला नव्हता, तिकडचाच होता. कॉर्दोबाला शिकून तो पाद्री झाला आणि मग ग्वारानी आदिवासींच्या मिशनमध्ये गेला. त्याचं बहुतेक काम सान कोस्मे नावाच्या मिशनमधलं. तिथे बसून त्याने पुढच्या १०० वर्षांचं पंचांगच तयार केलं, जानेवारी १७४० ते डिसेंबर १८४१, त्यात चंद्राच्या कला, सूर्यग्रहणं, चंद्रग्रहणं सगळं मांडलेलं. हे पुस्तक १७४८ मध्ये लिस्बनला छापलं गेलं. आपल्याकडे पंचांगाचं गणित करणाऱ्यांना विचारा, एका वर्षाचं हाताने करताना माणूस किती दमतो ते सांगतील, आणि ह्याने शंभरावर वर्षांचं केलं.

त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो की ह्या प्रांतात युरोपातून उपकरणं येत नाहीत, कारण इथे गणिती शास्त्रांचा अभ्यास फारसा होत नाही, म्हणून जे लागलं ते मी माझ्या हाताने बनवलं. काय काय बनवलं तर मिनिटं आणि सेकंद दाखवणारं लंबकाचं घड्याळ, त्या घड्याळाची वेळ सूर्यावरून लावायला एक तुरीय यंत्र (सूर्याची उंची मोजायचं पाव वर्तुळाचं यंत्र) ज्यावर प्रत्येक अंशाचे मिनिटामिनिटाने भाग पाडलेले, आणि दुर्बिणी, ८ फुटांपासून २३ फुटांपर्यंतच्या. ८ आणि १० फुटी दुर्बिणींनी तो सूर्य-चंद्राची ग्रहणं बघायचा आणि १३ फुटांपासून पुढच्या मोठ्या दुर्बिणी गुरूच्या चंद्रांसाठी ठेवायचा. १३ वर्षं हे निरीक्षण चाललं आणि त्यातली १४७ त्याने एकदम अचूक म्हणून निवडली.

मला ह्यात दुर्बिणीपेक्षा घड्याळाचं जास्त कौतुक वाटतं. दुर्बीण बनवणारे आजही आपल्या आसपास सापडतात, पण सेकंद दाखवणारं घड्याळ हाताने घडवायचं, दातेरी चाकं कापायची, लंबक जुळवायचा, हे वेगळंच काम आहे. सेकंदाला एक झोका घेणारा लंबक जवळपास १ मीटर लांब असतो आणि तो फक्त १ मिलिमीटरने लांबला तरी घड्याळ दिवसाला साधारण ४३ सेकंद मागे पडतं. उन्हाने धातूची दांडी किंचित वाढली तरी फरक पडतो. म्हणून रोज सूर्य बघून घड्याळ तपासायचं, आणि सूर्य बघायला तुरीय यंत्र पाहिजे, ते पण आपणच बनवायचं. एक वस्तू दुसरीवर, दुसरी तिसरीवर अवलंबून आणि सगळ्या घरच्याच. म्हणून मी त्याला नुसता दुर्बिणवाला म्हणत नाही, माझ्या मते त्याने एक अख्खी वेधशाळा हाताने उभी केली.

भिंगांचं म्हणाल तर त्याने त्या भागात मिळणारा स्फटिक घासून भिंगं बनवली असं त्याच्यावर लिहिणारे सांगतात. म्हातारपणी त्याला युरोपातून काही उपकरणं मिळाली, पण त्याचं नाव झालं ते त्याआधीच्या घरच्या दुर्बिणींवर.

२३ फुटी दुर्बीण म्हणजे केवढी मोठी! एवढी पॉवर पाहिजे होती का?
(घोडबंदर रोड, इंजिनियरिंगचा विद्यार्थी)

लांबीचा संबंध पॉवरशी कमी आणि रंगांशी जास्त. तेव्हाच्या दुर्बिणीत दोनच बहिर्गोल भिंगं असायची, एक पुढे आणि एक डोळ्याजवळ. एकाच भिंगातून प्रकाश गेला की निळा रंग अलीकडे एकत्र येतो आणि लाल पलीकडे, त्यामुळे गुरूसारख्या तेजस्वी ग्रहाभोवती जांभळट-लालसर कडा दिसतात आणि बाजूचा बारीक चंद्र त्या झगमगाटात हरवतो. ह्यावर तेव्हा एकच उपाय होता, भिंगाचा फुगवटा अगदी कमी ठेवायचा म्हणजे प्रकाश हळूहळू वळतो आणि दुर्बीण लांबच लांब होते. पोलंडमधल्या हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने तर १५० फुटी दुर्बीण खांबाला टांगून वापरली होती, त्यामानाने आपल्या फादरची २३ फुटी आटोपशीरच म्हणायची. दोन वेगळ्या काचा जोडून ह्या रंगीत कडा घालवायची युक्ती बाजारात आली १७५८ च्या सुमारास, जॉन डॉलंडने त्याचं पेटंट घेतलं तेव्हा. सुआरेझ १७५० मध्येच गेला होता.

फुगवटा कमी म्हणजे किती कमी ते आकड्यात बघा. समजा ५ सेंटिमीटर रुंदीचं भिंग आहे, एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर, आणि त्याचं नाभीय अंतर (भिंगापासून प्रकाश जिथे एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर) साडेसहा मीटर पाहिजे. तर मधला भाग कडेपेक्षा फक्त ०.०९ मिलिमीटर उंच ठेवावा लागतो, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाची जाडी. एवढाच फुगवटा, पण तो सगळीकडे सारखा गोलाईत पाहिजे, कुठे खड्डा नको, कडा खाली पडलेली नको. मी स्वतः हौसेने दुर्बिणीचे आरसे घासतो म्हणून सांगतो, डोळ्याला ती काच पूर्ण सपाटच दिसते आणि चाचणी घेतल्याशिवाय काही कळत नाही.

स्फटिक घासून आज घरी भिंग बनवता येईल का? बाजारात क्रिस्टल स्वस्तात मिळतात.
(ऐरोली)

येईल, पण पहिलं काम म्हणून स्फटिक घेऊ नका, कारणं ऐका. स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७, आणि काच साडेपाचच्या आसपास. काच घासायला नदीची वाळूसुद्धा चालते कारण वाळू मुळात क्वार्ट्झच असते, पण क्वार्ट्झवर वाळू घासली तर दोघं सारखेच कठीण, तासन्‌तास घासा आणि थोडंसं निघणार. त्यासाठी कुरुंदासारखं जास्त कठीण काहीतरी लागतं. दुसरं म्हणजे बाजारात क्रिस्टल म्हणून विकतात त्यातल्या खूप वस्तू साध्या काचेच्याच असतात.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. क्वार्ट्झमधून बघितलं तर एका वस्तूच्या दोन प्रतिमा होऊ शकतात, कारण त्याच्यात प्रकाश दोन भागांत फुटतो. फरक थोडा असतो पण दुर्बिणीत तेवढाही नडतो. स्फटिकाला एक ठरावीक दिशा असते, षटकोनी खड्याच्या उभ्या लांबीची, त्या दिशेने प्रकाश गेला तर तो फुटत नाही. म्हणजे भिंगाची चकती खड्याला आडवी कापली पाहिजे, काकडीच्या चकत्या करतो तशी. चकती तिरकी कापली तर भिंग कितीही छान पॉलिश केलं तरी तारा जोडीने दिसणार. स्फटिकाचं भिंग करायचं तर ह्यातून कोणाचीच सुटका नाही, फादरची पण नव्हती.

घरी करायचंच असेल तर काचेच्या दोन जाड चकत्या घ्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, वरची चकती खालच्यावर पुढेमागे सरकवत आणि फिरवत राहा. आपोआप वरची खोलगट आणि खालची फुगीर होत जाते, ह्यातलं भौतिक मला आजही भारी वाटतं. पूड हळूहळू बारीक करत जायची आणि शेवटी पिचच्या (डांबरासारखा पदार्थ) थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. जाड पुडीचा एक कण जरी बारीक पुडीत गेला तर ओरखडा पडलाच, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर हात, टेबल, बादली सगळं धुवायचं. पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये अशा आरसे घासायच्या कार्यशाळा होत आल्यात, तिथे शिकून सुरुवात केलेली बरी.

मी मर्चंट नेव्हीत आहे. रेखांश काढायला गुरूचे चंद्र वापरायचे असं ऐकलंय, पण नक्की कसं? आणि जहाजावर का नाही वापरले?
(नेरुळ)

तुम्हाला हे पटकन कळेल. अक्षांश सोपा, ध्रुवतारा किंवा दुपारच्या सूर्याची उंची मोजली की झालं. रेखांशासाठी दोन जागांच्या स्थानिक वेळेतला फरक लागतो, १ तास म्हणजे १५ अंश. अडचण अशी की दूरच्या गावात आत्ता किती वाजले हे तुम्हाला इथे कसं कळणार, फोन नाही, तार नाही. मग आकाशातच असं घड्याळ शोधायचं जे दोन्ही गावांतून एकाच क्षणी दिसेल. गुरूचा सगळ्यात आतला मोठा चंद्र आयो, साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो. ग्रहण लागलं की दिवा विझल्यासारखा दिसेनासा होतो, सुटलं की परत दिसतो. तो क्षण पॅराग्वेतून बघा नाहीतर रशियातून, एकच.

आता सुआरेझचं बघा. सेंट पीटर्सबर्गला दलील नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ होता, पेकिंगला (आजचं बीजिंग) कॉगलर म्हणून जर्मन जेझुइट, पेरूमधल्या लिमाला पेराल्ता, आणि स्पेनमध्ये ग्रामातिची. ह्या लोकांच्या नोंदींशी तो आपल्या नोंदी ताडून बघायचा. सान कोस्मे आणि सेंट पीटर्सबर्ग ह्यांच्या स्थानिक वेळेत जवळपास पावणेसहा तासांचा फरक आहे, म्हणजे फादरला आयोचं ग्रहण रात्री ८ ला दिसलं तर तिकडे पहाटेचे पावणेदोन. पत्रं जहाजाने जायला-यायला महिने, कधी वर्षं लागायची, पण नोंद नीट असेल तर उशिराने काही बिघडत नाही.

वेळेत १ मिनिट चूक झाली तर रेखांशात पाव अंश चूक. ठाणे आणि बदलापूरच्या रेखांशात साधारण तेवढाच फरक आहे. म्हणजे घड्याळ मिनिटभर चुकलं तर नकाशावर ठाणं उचलून बदलापूरला ठेवल्यासारखं होईल. म्हणून वर घड्याळाबद्दल एवढं लिहिलं.

जहाजावर प्रयत्न झाले, गॅलिलिओने स्वतः सुचवलं होतं, पण डोलणाऱ्या डेकवरून लांब दुर्बिणीत गुरू धरून ठेवायचा हे काही जमलं नाही. समुद्रावरचा प्रश्न सुटला तो जॉन हॅरिसनच्या घड्याळाने, त्याच्या प्रसिद्ध चौथ्या घड्याळाची सफर १७६१ मध्ये सुरू झाली. जमिनीवर मात्र गुरूचे चंद्र त्यानंतरही बराच काळ कामाला आले. सुआरेझच्या नोंदी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या गेल्या आणि स्वीडनच्या वार्गेंटिनने त्या वापरल्या, हा माणूस गुरूच्या चंद्रांची कोष्टकं करण्यात त्या काळी सगळ्यात पुढे होता. म्हणजे ज्याला कोणी उपकरण पाठवलं नाही त्याचे आकडे युरोपातले लोक वापरत होते.

सगळं श्रेय एका पाद्र्याला का? काम तर तिथल्या आदिवासींकडून करून घेतलं असेल ना?
(कळवा, एक शिक्षिका)

मॅडम, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि ह्या विषयावर लिहिणारे बरेच जण तो टाळतात. ग्वारानी मिशनमध्ये लोहारकाम, सुतारकाम, घंटा ओतणं, कोरीव काम, वाद्यं बनवणं ह्याचे कारखाने होते आणि तिथे हात ग्वारानी लोकांचे होते. त्यांचा दर्जा काय होता बघायचा असेल तर छपाईचं उदाहरण घ्या. १७०० च्या सुमारास ह्या मिशनमध्ये तिथेच तयार केलेल्या छापखान्यावर पुस्तकं छापायला लागले. १७०५ च्या एका पुस्तकातल्या चित्राखाली हुआन यापारी ह्या ग्वारानी कारागिराचं नाव आहे, आणि १७२४ आणि १७२७ मध्ये निकोलास यापुग्वाय ह्या ग्वारानी लेखकाची पुस्तकं तिथे छापली गेली. ज्या लोकांनी अक्षरांचे खिळे ओतले आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरली त्यांना घड्याळाचं चाक कापणं किंवा यंत्रावर रेघा पाडणं जमणार नाही असं कोण म्हणेल. दुर्बिणींच्या बाबतीत मात्र पुस्तकावर नाव एकट्या सुआरेझचं आहे. वेध त्याचे, गणित त्याचं, पण कारखाना गावाचा होता, असं मी मानतो आणि तसंच लिहायला पाहिजे.

आणि तो काळही सुखाचा नव्हता. १७३२ मध्ये ३० मिशन मिळून सुमारे १ लाख ४० हजार ग्वारानी राहत होते, पुढच्या आठ वर्षांत साथी, दुष्काळ आणि पळापळ ह्यात ही संख्या जवळपास निम्मी झाली. गोवर आणि देवी गावंच्या गावं रिकामी करत होत्या. ह्याच आठ वर्षांच्या शेवटी, १७४० पासून, फादरचं पंचांग सुरू होतं. १७५० च्या करारात स्पेन-पोर्तुगालने परस्पर सीमा बदलून सात मिशनमधल्या लोकांना घरं सोडायला सांगितली, त्यावरून युद्ध झालं, आणि १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांनाच सगळ्या राज्यातून हाकललं. ग्वारानींना आसरा आणि त्याबरोबर कडक शिस्त, दोन्ही मिशनने दिलं, हे मला एका वाक्यात चांगलं किंवा वाईट ठरवता येत नाही आणि ठरवायची घाईही नाही.

एक दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी लागते. आज पॅराग्वेत सान कोस्मे इ दामियान इथे जे अवशेष आणि त्याच्या नावाचं खगोल केंद्र आहे ते गाव ह्या जागी १७६० मध्ये हलवलेलं आहे. फादर तोवर गेला होता, त्यामुळे 'ह्याच अंगणातून त्याने गुरू बघितला' असं कुठे वाचलं तर मानू नका.

आपल्याकडे असे फादर नव्हते का? वसई-ठाण्यात तर पोर्तुगीज होते.
(मूळचे वसईचे, आता चरई)

होते की. १६८९ च्या डिसेंबरमध्ये पाँडिचेरीत फादर जाँ रिशो धूमकेतू बघत होते, तेव्हा दुर्बिणीत त्यांना अल्फा सेंटॉरी हा एक तारा नसून दोन आहेत असं दिसलं. हा शोध भारतातून लागला हे आपल्या शाळेत कोणी सांगत नाही ह्याचं मला वाईट वाटतं. हा तारा ठाण्यातूनही दिसतो, मे महिन्यात रात्री दक्षिणेला, नरतुरंग तारकासमूहात, पण क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर येतो त्यामुळे दक्षिणेला टॉवर नसलेली गच्ची लागते.

मग जयपूरचे सवाई जयसिंग. त्यांनी फादर फिगेरेदो ह्यांच्याबरोबर माणसं लिस्बनला पाठवून युरोपातली ग्रह-चंद्रांच्या जागांची कोष्टकं मागवली, वेध घेऊन बघितलं तर चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाचा फरक निघाला. १७३४ मध्ये त्यांनी बंगालमधल्या चंद्रनगरहून फादर बूदिए आणि फादर पाँ ह्यांना बोलावलं, हे दोघं वाटेतल्या गावांचे अक्षांश-रेखांश मोजत गेले. म्हणजे त्याच दशकात एक जेझुइट पॅराग्वेत आणि दोन उत्तर हिंदुस्थानात, तिघंही रेखांशाच्याच मागे.

आपल्या भागात तेव्हा वेगळीच धामधूम होती, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई. नंतरच्या काळातले कलकत्त्याचे फादर लाफाँ, सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी १८७५ मध्ये वेधशाळा उभी केली, जगदीशचंद्र बोस त्यांचे विद्यार्थी. त्यांच्यावर वेगळं लिहीन.

मुलगी सातवीत आहे, हे सगळं वाचून दुर्बीण मागतेय. कोणती घेऊ?
(कोपरखैरणे)

लगेच दुर्बीण नको. १०×५० ची बायनॉक्युलर घ्या, कठड्यावर नाहीतर ट्रायपॉडवर टेकवा, गुरूचे चंद्र शहरातूनही दिसतात कारण गुरू इतका तेजस्वी की पाम बीच रोडच्या दिव्यांनीही त्याला फरक पडत नाही. रोज त्याच वेळी कोणता चंद्र कुठे आहे ते वहीत ठिपक्यांनी काढायला सांगा. बाकी आकाशासाठी वांगणीला जाणारे ग्रुप असतात, त्यांच्याबरोबर एकदा जाऊन या.

आणि त्याआधी एक प्रयोग करा जो फुकट आहे. गच्चीवर सरळ काठी उभी करा, खाली जमीन सपाट पाहिजे. साडेदहाच्या सुमारास सावलीचं टोक खुणेने मार्क करा, काठीभोवती दोरीने तेवढ्याच लांबीचं वर्तुळ काढा, वेळ मोबाइलवर बघून लिहा. दुपारनंतर सावली परत वाढत वाढत ज्या क्षणी त्या वर्तुळाला टेकेल ती वेळ लिहा. दोन्ही वेळांचा बरोबर मध्य म्हणजे तुमच्या गच्चीवरची खरी दुपार. ती बाराला येत नाही, कारण आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात आणि आपण ७३ च्या आसपास आहोत, म्हणून सरासरीने १२ वाजून ३८ मिनिटांच्या जवळ येते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ पर्यंत अलीकडे आणि फेब्रुवारीच्या मध्यात १२.५२ पर्यंत पलीकडे. तुरीय यंत्राने घड्याळ लावायची पद्धत ह्याच तत्त्वावर चालते, सावलीऐवजी तिथे सूर्याची उंची मोजतात. मुलीला आलेला आकडा आम्हाला पाठवा, तारीख आणि जागा लिहायला विसरू नका, दोन-तीन महिन्यांचे आकडे जमले तर पुढे त्याचा आलेख छापू.